सहा जणी आणि सातवी

पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या घरात ओवाळणीची गडबड सुरू झाली, की आत्या हळूच मागीलदारी निघून जाई. आई बाबांना ओवाळी, काकू काकांना ओवाळी. ताटात काय पडले यावरून थट्टामस्करी चाले. आत्या लग्नानंतर तीन वर्षांनी माहेरी परत आली होती. का आली, हे आम्हां मुलांपुढे कोणी कधी बोलले नाही. ती घरातले सगळे करी, भाऊबीजेला बाबांना ओवाळी. पण पाडव्याची ती एक घटका मात्र तिला घरात उभे राहायला जागा नसे. मग ती माझा हात धरून परसात येई आणि पूर्वेकडच्या डोंगरावर तारे चढेपर्यंत आम्ही विहिरीच्या कठड्याशी गप्पा मारीत बसत असू.

"तो पुंजका दिसतो का रे? मोज पाहू किती आहेत त्या."

"सहा."

"सहाच. सातवी नवऱ्यापाशी राहिली. या सहा जणींना त्यांच्या नवऱ्यांनी टाकलं."

"का? त्यांनी काय केलं होतं?"

आत्या यावर काही बोलत नसे. "चल, पणत्यांत तेल घालायचंय," म्हणून ती उठे.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले. ते शोधता शोधता मी त्या सहा ताऱ्यांच्या मागे जगभर हिंडून आलो; अर्थात पुस्तकांतूनच, कारण माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि पगार शाळामास्तरचा. त्या हिंडण्याची हकिकत दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास अंगणात किंवा गच्चीवर जाऊन पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. अमावास्या नुकतीच उलटलेली, त्यामुळे चंद्राचा अडथळा नसतो. लहानशा द्राक्षांच्या घडासारखा ताऱ्यांचा एक पुंजका दिसेल आणि त्याच्या मागोमाग वर येणारी तांबूस रोहिणी. तो पुंजका म्हणजे कृत्तिका. आणखी दोन आठवड्यांनी पूर्ण चंद्र याच कृत्तिकांच्या आसपास येतो, म्हणून या महिन्याचे नाव कार्तिक. पाडवा हा कार्तिकाचा पहिला दिवस. म्हणजे ज्या संध्याकाळी आत्या मला कृत्तिका दाखवी, ती त्यांच्याच महिन्याची पहिली संध्याकाळ असे. तिला हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे.

गंमत अशी, की साध्या डोळ्यांना बहुधा दिसतात सहा, पण देशोदेशींच्या गोष्टींत असतात सात. ग्रीकांनी त्यांना अ‍ॅटलास आणि प्लायोनी यांच्या सात मुली मानले. मृगाच्या ठिकाणी ग्रीकांना दिसलेला शिकारी ओरायन त्यांच्या मागे लागला, म्हणून देवाने त्यांना आकाशात नेऊन ठेवले. मग सातवी कुठे गेली? कोणी म्हणाले, मेरोपीने मर्त्य माणसाशी लग्न केले, त्या लाजेने ती तोंड लपवून बसली. कोणी म्हणाले, इलेक्ट्राला आपल्या वंशजांचे ट्रॉय नगर जळताना पाहवेना, म्हणून ती निघून गेली. तिकडे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या अनेक जमातींतही या सात बहिणीच आहेत आणि तिथेही एक पुरुष त्यांच्या मागे लागलेला आहे. जर्मनीत नेब्रा या गावाजवळ १९९९ साली काशाची एक तबकडी सापडली. ती सुमारे ३६०० वर्षांपूर्वी जमिनीत पुरलेली होती. तिच्यावर सोन्याचा चंद्र आहे आणि सोन्याच्या ठिपक्यांचा एक पुंजका. तेही मोजून सातच. कृत्तिकाच त्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून पाहिलेले आकाश पुस्तकात छापले, तेव्हा कृत्तिकांत साध्या डोळ्यांना न दिसणारे छत्तीस तारे त्याने काढून दाखवले. पण मुळात या सहाच म्हणाव्यात, सातवी सहसा दिसत नाही, हे त्यानेही नोंदवून ठेवले आहे. आज आपल्याला कळते, की त्या पुंजक्यात हजारावर तारे आहेत आणि तो सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा प्रकाश जेव्हा तिथून निघाला, तेव्हा पैठणला एकनाथमहाराज हयात होते आणि शिवरायांचा जन्म व्हायचा होता.

सहा आणि सातांचे हे कोडे सोडवण्यासाठी दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०२० साली एक तर्क मांडला. सुमारे एक लाख वर्षांपूर्वी त्यांतले दोन तारे एकमेकांपासून जरा दूर दिसत, त्यामुळे सात मोजता येत. पुढे ते जवळ आले, पण गोष्ट मात्र सातांचीच राहिली, असा तो तर्क. तो सर्वांना पटलेला नाही. पण तर्क खरा असो वा नसो, एवढे खरे, की जी दिसत नाही तिची आठवण माणसाने सोडली नाही.

आता आपल्याकडे वळू. तैत्तिरीय शाखेच्या ग्रंथांत कृत्तिकांची सात नावे दिली आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती आणि चुपुणीका. यांतली तीन नावे नीट ऐका. एक अभ्रे आणणारी, एक मेघ आणणारी आणि एक पाऊस पाडणारी. ही नावे हौसेने ठेवलेली नव्हेत, त्यांत शेतकऱ्याचा जीव अडकलेला आहे. सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक कवी हेसिअड शेतकऱ्यांना सांगतो, की या तारका पहाटे उगवू लागल्या की कापणीला लागा आणि मावळू लागल्या की नांगर धरा. दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हियाच्या डोंगराळ मुलखातले शेतकरी जूनच्या अखेरीस पहाटेच्या थंडीत शिखरावर चढून हाच पुंजका न्याहाळतात. तो मोठा आणि तेजस्वी दिसला तर पाऊसपाणी चांगले. अंधुक दिसला तर बटाट्याची लावणी लांबणीवर टाकायची. पुष्कळांनी याला खुळी समजूत म्हटले असते. परंतु २००० साली शास्त्रज्ञांनी पडताळा घेतला, तेव्हा आढळले, की ज्या वर्षी समुद्राचे पाणी तापून तिकडचा पाऊस बिघडतो, त्या वर्षी जूनमध्ये फार उंचावर विरळ ढगांचा पडदा असतो आणि त्यामुळेच तारे मंद दिसतात. अडाणी म्हणवणाऱ्यांचे निरीक्षण असे पक्के निघाले.

पण या सहा जणींना नवऱ्यांनी टाकल्याची गोष्ट कुठून आली? तिचे बीज शतपथब्राह्मणात आहे आणि ते मोठे नवलाचे आहे. यज्ञाचा अग्नी कोणत्या नक्षत्रावर स्थापन करावा, याची तिथे चर्चा चालली आहे. कृत्तिका चांगल्या, कारण इतर नक्षत्रे पूर्वेपासून ढळतात, या ढळत नाहीत. त्यावर आक्षेप येतो, की या पूर्वी सप्तर्षींच्या पत्नी होत्या. पण ते उत्तरेला उगवतात आणि या पूर्वेला, तेव्हा पतींपासून दुरावलेल्या या नक्षत्रावर अग्नी कसा स्थापावा? आणि त्याला उत्तर मिळते, की अग्नीच यांचा जोडीदार आहे, तेव्हा खुशाल स्थापावा. वाचकांनी लक्षात घ्यावे, की इथे कोणाचा दोष नाही, आरोप नाही. दोघांच्या उगवायच्या दिशा वेगळ्या, एवढेच दुराव्याचे कारण.

याच वाक्यावर एका मराठी मास्तरने आपली सारी बुद्धी पणाला लावली. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्यांचे नाव. दापोलीजवळच्या मुरूडला १८५३ साली ते जन्मले, मॅट्रिक झाले आणि जन्मभर शाळांतून शिकवीत राहिले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले आणि १८९६ साली 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा थोर ग्रंथ पुरा केला. दोनच वर्षांनी, वयाची पंचेचाळीस पुरी होण्याआधीच, ते गेले. दीक्षितांनी विचार केला, की आज कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नाहीत. आपल्या महाराष्ट्रातून पाहिले तर त्या पूर्वेपासून पंचवीसेक अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. मग तो जुना निरीक्षक खोटे बोलला काय? नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलत असतो. त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. म्हणजे माणसाच्या एका आयुष्यात, सुमारे ७२ वर्षांत, एक अंशाचा फरक. हा हिशेब उलटा करीत गेले, की कृत्तिका खरोखर ठीक पूर्वेला उगवत असत तो काळ सुमारे पाच हजार वर्षांमागचा निघतो. त्यावरून दीक्षितांनी ते निरीक्षण तितके जुने ठरवले. सर्व विद्वानांना ते मान्य नाही. त्या वाक्याचा अर्थ इतका काटेकोर घेऊ नये, असे काहींचे म्हणणे आहे. पण एका वाक्याचा धागा धरून आकाशाच्या घड्याळाचे काटे मागे फिरवण्याची ती हिंमत पाहिली, की आम्हां मास्तरांची मान ताठ होते.

पुढे महाभारतात, वनपर्वात, त्याच बीजाचा वृक्ष झालेला दिसतो. अग्नी सप्तर्षींच्या पत्नींवर लुब्ध झाला. स्वाहेचे मन अग्नीवर होते. तिने त्या ऋषिपत्नींची रूपे एकामागून एक घेतली आणि अग्नीला गाठले. सहा जणींची रूपे तिला घेता आली. वसिष्ठांच्या अरुंधतीचे मात्र साधले नाही. त्यातून स्कंद, म्हणजे आपला कार्तिकेय जन्मला. लोकांत कुजबुज झाली, की हा त्या सहा जणींचाच मुलगा. आणि ऋषींनी आपल्या बायका टाकल्या.

वाचकहो, आत्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. त्यांनी काय केले होते? काहीही केले नव्हते. आणि हे ऋषींना ठाऊक नव्हते असेही नाही. स्वाहेने त्यांना स्वतः सांगितले, की हा मुलगा माझा आहे. विश्वामित्राने सारा प्रकार पाहिला होता. तुमच्या पत्नींचा काही अपराध नाही, अशी त्यानेही ग्वाही दिली. सारे ऐकून घेऊनही ऋषींनी त्या टाकल्या त्या टाकल्याच. शेवटी त्या सहा जणी स्कंदाकडे गेल्या. आम्हांला विनाकारण स्थानभ्रष्ट केले आहे, तू आमचा मुलगा हो, असे त्यांनी त्याला विनवले. त्याने त्यांना आई म्हटले आणि त्यांना आकाशात जागा मिळाली. पूर्वेला उगवणारे तारे आणि उत्तरेला फिरणारे तारे यांमधले अंतर माणसांनी घरी आणले आणि त्यात आपल्या संसारातले दुःख भरले. ताऱ्यांच्या गोष्टी अशाच घडतात; प्रकाश त्यांचा, पण अर्थ आपला.

आपल्याकडे लग्नात नवरीला सप्तर्षींतल्या वसिष्ठाशेजारची बारीकशी अरुंधती दाखवतात. ते योग्यच आहे. पण कृत्तिका कोणी दाखवीत नाही. इतकेच नव्हे, तर कार्तिकस्वामीचे दर्शन स्त्रियांनी घेऊ नये, असा समज महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिकांचा योग असेल तेवढा काळ काय तो अपवाद. सहा टाकलेल्या बायकांना ज्याने आई म्हटले, त्याच्याच दारात बायकांना अडवावे! तामिळ मुलखात हाच देव मुरुगन म्हणून घरोघरच्या आयाबहिणींचा आहे आणि कृत्तिकांच्या पौर्णिमेला तिथे दारोदार दिव्यांच्या ओळी लागतात. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत हा पुंजका पहाटे पुन्हा दिसू लागला, की वर्षभरात गेलेल्यांची नावे घेण्याची रीत आहे. २०२२ पासून त्या सणाला तिथे सरकारी सुटी असते.

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. माओरींची ही रीत वाचली तेव्हापासून पाडव्याला परसात गेलो, की मीही तिचे नाव घेतो. गेल्या वर्षी सहामाहीनंतर वर्गात मी हीच गोष्ट सांगितली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, त्यांनी काय केलं होतं?"

"काही नाही केलं, बाळ," मी म्हणालो. "आणि ते सगळ्यांना माहीत होतं."

वर्ग थोडा वेळ गप्प होता.

यंदाच्या पाडव्याला फराळ, ओवाळणी, फटाके सारे झाले, की घटकाभर बाहेर या. पूर्वेकडे पाहा, मुलांना सहा मोजायला लावा आणि ही गोष्ट सांगा; पण शेवट राहू देऊ नका, त्या निर्दोष होत्या हे सांगून मगच आत या. आणि आपल्या घरात माहेरी परतलेली कोणी आत्या, कोणी ताई असेल, तर त्या संध्याकाळी तिला परसात जावे लागू नये. पहिली पणती तिच्याच हाताने लागावी. महिना त्यांचाच आहे.