इंजेक्शन कुणाच्या हातासाठी? एका वस्तूच्या इतिहासातून संशोधनप्रश्न शोधताना

पीएचडीच्या मुलाखतीत "तुमचा संशोधनप्रश्न काय?" असं विचारलं की बहुतेक जण विषय सांगतात. "मला इन्शुलिन पेनवर काम करायचंय" हा विषय झाला. त्यातून प्रश्न कसा काढायचा, ते आज एका ओळखीच्या वस्तूवर करून बघू. वस्तू आहे इंजेक्शन, आणि प्रश्न असा: ते बनवणाऱ्याने कुणाचा हात गृहीत धरला होता?

आधी हालचाली मोजा. स्वतःच स्वतःला इंजेक्शन द्यायचं तर टोपण ओढायचं, बारीक नळी दोन बोटांत धरायची, सुई टोचायची, अंगठ्याने दट्ट्या सावकाश दाबायचा, काही सेकंद तसंच धरून ठेवायचं आणि शेवटी सुई नीट टाकायची. ही सहा कामं झाली. संधिवाताने बोटं आखडलेल्या, पार्किन्सनमुळे हात थरथरणाऱ्या किंवा पक्षाघातानंतर एकाच हाताने सगळं करणाऱ्या माणसाचं यातलं एक काम अडलं की पुढची सगळीच अडतात.

मी उलव्यात राहतो. सिडकोने वसवलेल्या या नव्या वस्तीत सकाळी मुलगा-सून लोकलने किंवा अटल सेतूवरून कामाला निघतात आणि आई-वडील घरी उरतात. औषध फ्रिजमध्ये आहे, पैसे भरलेत, पण टोचणारा हात संध्याकाळी सात वाजता घरी येणार. म्हणून हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. माणूस आपल्या आजारापुरता तरी स्वतंत्र राहतो का, हे त्यावर ठरतं.

आता इतिहासाकडे वळू.

1853 साली एडिंबराचे अलेक्झांडर वुड आणि लियाँचे शार्ल प्रावाझ यांनी स्वतंत्रपणे आजच्या सिरिंजच्या पूर्वजांचा वापर केला. प्रावाझच्या सिरिंजमध्ये दट्ट्या दाबायचा नव्हता, स्क्रूसारखा फिरवायचा होता, म्हणजे थेंब मोजता येत. दोन्हींत गृहीत धरलेला हात होता डॉक्टरचा.

11 जानेवारी 1922 रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्शुलिन दिलं गेलं. त्यानंतर इंजेक्शन हे रोज घरी करायचं काम झालं. पण घरी पोचलेली वस्तू दवाखान्यातलीच होती: काचेची सिरिंज, जी उकळायची, आणि सुई, जी दगडावर घासून धार लावायची. काम रुग्णाकडे गेलं, आराखडा मात्र डॉक्टरच्या हाताचाच राहिला. अशी फट दिसली की थांबा. प्रश्न तिथेच सापडतात.

पुढचा मोठा बदल आला सैन्यातून. विषारी वायूचा हल्ला झाला तर हातमोजे घातलेला, घाबरलेला सैनिक सिरिंज भरत बसणार नाही, हे उघड होतं. 1970च्या दशकात अमेरिकेत शेल्डन कॅप्लन यांनी मांडीवर दाबलं की स्प्रिंगच सुई आत ढकलेल असं ऑटोइंजेक्टर तयार केलं. 1987 साली मंजूर झालेलं एपिपेन त्याच घराण्यातलं. इथे पहिल्यांदाच नीट न चालणारा हात गृहीत धरला गेला, पण तो होता तरुण, धडधाकट माणसाचा, काही क्षणांपुरता अडलेला.

मधुमेहाच्या बाजूने ग्लासगोच्या डॉक्टरांनी 1981 साली पेनासारख्या सिरिंजची माहिती प्रसिद्ध केली आणि 1985 साली डेन्मार्कच्या नोव्होचं नोव्होपेन बाजारात आलं. खिशात मावणं हे त्याचं आकर्षण होतं. 2000च्या आसपास त्याच कंपनीचं इनोलेट आलं, ते उलट बोजड: स्वयंपाकघरातल्या टायमरसारखी मोठी तबकडी, मोठे आकडे. ते कमी दिसणाऱ्या आणि पकड कमकुवत असलेल्या लोकांसाठीच होतं.

आता सगळ्यात बोलकं उदाहरण बघा. एटानरसेप्ट हे संधिवाताचं औषध अमेरिकेत 1998 साली मंजूर झालं. बोटं आखडणाऱ्या आजाराचं हे औषध सुरुवातीला पावडर म्हणून आलं, आणि द्रव मिसळून ती विरघळवायची रुग्णाने! भरलेली सिरिंज आली 2004 साली, ऑटोइंजेक्टर 2006 साली. दरम्यान अॅडॅलिम्युमॅब हे प्रतिस्पर्धी औषध भरलेल्या सिरिंजमध्येच उतरलं होतं. मग बदल कशाने झाला, रुग्णांच्या तक्रारींनी की स्पर्धेने? दोन्ही शक्यता पुराव्यावर तपासाव्या लागतात. "कंपनीला रुग्णांची काळजी होती" किंवा "सगळा पैशाचा खेळ" असं आधीच ठरवून लिहू नका.

सर्टोलिझुमॅबच्या सिरिंजची कथा वेगळी आहे. तिच्यासाठी यूसीबी कंपनीने ओक्सोची मदत घेतली. ओक्सो ही भाजी सोलण्याची सोलाणी बनवणारी कंपनी! सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता, त्यातून 1990 साली जाड, मऊ मुठीची सोलाणी आली. तोच विचार सिरिंजमध्ये उतरला: अंगठा अडकेल अशी कडी आणि बोटांना रुंद आधार.

आपल्याकडे काय? 2003 साली वोखार्टने मानवी इन्शुलिनची भारतीय आवृत्ती आणली, औरंगाबादच्या कारखान्यातून. 2014 साली अहमदाबादच्या झायडसचं अॅडॅलिम्युमॅब आलं. दोन्ही वेळी चर्चा झाली किमतीची, आणि ती योग्यच होती. पण आजही आपल्याकडच्या बऱ्याच कुप्या मिलीलिटरला 40 युनिटच्या असतात आणि पेनमधलं इन्शुलिन 100 युनिटचं. 100चं इन्शुलिन चुकून 40च्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीचपट होतो. म्हणजे आपल्या रुग्णाला बोटांसोबत डोळ्यांनीही काम करावं लागतं. परदेशी अभ्यास वाचून हे लक्षात येणार नाही.

आणि हाताचा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. आमच्याच पनवेल तालुक्यात नेरे इथलं शांतिवन कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनासाठी उभं राहिलं. जखम होऊ नये म्हणून अवजाराची मूठ जाड करायची, हे ज्ञान कुष्ठरोगाच्या क्षेत्रात केव्हाचं आहे. ते औषधाच्या उपकरणांपर्यंत किती पोचलं? हा प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो.

तुम्ही तयारी करत असाल तर एक तक्ता करा. चार रकाने: साल, उपकरण, गृहीत धरलेला हात, आणि वरच्या सहापैकी कमी झालेलं काम. शेवटचा रकाना भरताना कळेल की ऑटोइंजेक्टरने दट्ट्याचं काम काढून घेतलं, पण टोपण ओढणं आणि धरून ठेवणं राहिलंच. मग जवळच्या केमिस्टकडे जा, मिळतील त्या सिरिंज बघा आणि एखाद्या आजीला विचारा, "यातलं तुम्हाला कुठे अडतं?" पेटंटच्या कागदात स्प्रिंगचं वर्णन पानभर सापडेल. त्या आजींचं उत्तर मात्र तुम्हालाच लिहून घ्यावं लागेल.