रुमालाखालचा हात

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण मागच्या आठवड्यात घरात एक प्रकरण झालं आणि लिहावंच लागलं.

आम्ही नरोलीला 1991 साली आलो. यार्नच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून. मूळ गाव शहादा तालुक्यात, सारंगखेड्याच्या जवळ. आता नात नऊ वर्षांची आहे. ती मोबाईलवर तो 'अ‍ॅडॉप्ट मी' नावाचा खेळ खेळते. अंडी उबवायची, प्राणी वाढवायचे आणि एकमेकांत अदलाबदल करायची. दोघांनी दोनदा होकार दिल्याशिवाय सौदा पक्का होत नाही, दुर्मीळ प्राण्यांसाठी तर आधी छोटी परीक्षासुद्धा द्यावी लागते म्हणे. पण कुठल्या प्राण्याला काय मोल, हे शेवटी मुलंच आपापसात ठरवतात.

तर झालं असं. बिल्डिंगमधल्या एका मोठ्या मुलाला तिने विचारलं, "माझ्या ड्रॅगनचं काय येईल?" तो म्हणाला, "जुना झाला, आता कोण विचारतंय!" आणि संध्याकाळी दोन साधे प्राणी देऊन त्यानेच तो घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने खरा भाव सांगितला. पोरगी जेवली नाही. सूनबाई म्हणाली, "खेळातलंच आहे ना गं ते!" मला मात्र 1978 सालची दत्तजयंती आठवली.

सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. नाव घोड्यांच्या बाजाराचं मोठं, पण तेव्हा आमच्याकडचे लोक बैलही तिथेच बघायचे. मी बारा वर्षांचा, आबांचं बोट धरून गेलेलो. जनावराचे दात बघायचे : आदत, दुसा, चौसा, जुळलेला. मग चालवून बघायचं, खांदा चाचपायचा. भावाची गोष्ट मात्र तोंडाने नाही. दोघांच्या हातांवर रुमाल नाहीतर उपरणं टाकायचं आणि आत बोटं धरायची. दोन बोटं धरली की दोन. शेकडा की हजार, हे जनावर बघून दोघांनाही कळतं. बाहेर उभ्या माणसाला नुसत्या माना हललेल्या दिसतात.

ही पद्धत फक्त जनावरांपुरती नव्हती. धान्य-कापसातही ती चालायची, त्याला हत्ता म्हणत. शेतकरी त्यात नागवला जायचा, कारण दलाल आत काय बोलला हे त्याला कळायचंच नाही. वऱ्हाडात 1886 साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 साली वऱ्हाडासाठी कायदा आला, आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा 1963 चा. तिथे उघड लिलाव आले, ते योग्यच झालं. जनावरांच्या बाजारात मात्र रुमाल बरीच वर्षं टिकला. आबा म्हणत, रुमालाचा एक फायदा आहे. गरजू माणूस किती खाली आला, हे चारचौघांत दिसत नाही.

त्या दिवशी एक म्हातारे शेतकरी बैलजोडी घेऊन उभे होते, मुलीच्या लग्नासाठी विकायला काढलेली. आबांचा हात रुमालाखाली गेला. माझ्याजवळ एक व्यापारी उभा होता, माझ्याशी गोड बोलत. म्हणाला, "डावा बैल उतरलाय. तुझ्या आजोबांना सांग, अठराशेच्या वर नको." मला वाटलं, मी आता घराचं भलं करणार. मी मोठ्याने ओरडलो, "आबा, अठराशेच्या वर नका देऊ! डावा उतरलाय!"

म्हाताऱ्यांनी हात काढून घेतला. आबा बावीसशेवर आले होते, हे मला नंतर कळलं. पण गर्दीने अठराशे ऐकले होते. त्यानंतर वर जायला कुणी तयार होईना, आणि आबांशीही ते परत बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जोडी सोळाशेला गेली. घेतली कुणी? त्याच व्यापाऱ्याने.

आबांनी मला मारलं नाही. परतीच्या बैलगाडीत एवढंच म्हणाले, "भाव सांगणाऱ्याला आधी विचारावं, तुला घ्यायचंय का? घ्यायचं असेल तर त्याने भाव सांगू नये. हात रुमालाखाली असेल तर तिसऱ्याने बोलू नये. खोट दिसली तर सौद्याआधी दोघांदेखत सांगावी. आणि सौदा झाल्यावर 'महाग पडला' म्हणू नये, 'लाभो' म्हणावं."

आपल्या नरोलीचाच विचार करा. 1772 साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं 'सांताना' जहाज पकडलं. त्याच्या भरपाईत 1779 च्या तहाने बारा हजार रुपये वसुलीची गावं द्यायचं ठरलं, आणि 1783 साली नगर हवेली गेली. रुमालाखाली दोन सरकारांचे हात. इथल्या वारली-कोकणा माणसाला कोण विचारणार? नरोली सुटायला 28 जुलै 1954 ची पावसाळी रात्र उजाडावी लागली.

असो. नातीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, मग तुम्ही त्या म्हाताऱ्या आजोबांना सॉरी म्हणालात?" नाही म्हणालो. त्यांचं गाव कुठलं, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

ती एकटीच खाली गेली. त्या मुलाला म्हणाली, "तुला घ्यायचा होता तर मला भाव का सांगितलास?" ड्रॅगन परत आलेला नाही. पण रविवारी दुसरी एक छोटी मुलगी तिला भाव विचारायला आली. आमची नात जरा थांबली आणि म्हणाली, "मलाही हा हवाय, म्हणून मी नाही सांगणार. त्या दीदीला विचार."

मी गॅलरीत बसलो होतो. आबा असते तर म्हणाले असते, लाभो.

तुमच्याकडच्या बाजारात काय रीत होती, ते जरूर लिहा.