कंपोस्टची बादली आणि गृहीत धरलेले हात

कंपोस्टची बादली विकत घेतली की सोबत एक कागद येतो. ओला कचरा बारीक करून टाका, वर कोरडा पाला टाका, आठवड्यातून एक-दोनदा खालीवर करा, तीन महिन्यांत खत तयार. बस, चार ओळी. आज या चार ओळींचा इतिहास सांगणार आहे, आणि तो संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी का सांगतेय तेही आधीच सांगून टाकते. शास्त्रीय लेखातला 'पद्धती' हा भाग आपण पाककृतीसारखा वाचतो. किती ग्रॅम, किती दिवस, किती तापमान. हे कोणाच्या हातांनी होणार, ते हात कुठून येणार, हे सहसा लिहिलेलं नसतं. पद्धत मात्र त्या हातांवरच उभी असते. कंपोस्टच्या बाबतीत हे इतकं उघड दिसतं की सरावासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

सुरुवात स्वारगेटपासूनच करू. एसटी स्टँड, मेट्रो, उड्डाणपूल या सगळ्या गदारोळात एक गोष्ट लक्षातच येत नाही, ती म्हणजे इथून जाणारा मुठा उजवा कालवा. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात उभं राहिलं आणि हा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून, स्वारगेटवरून पुढे हडपसरकडे गेला. पाणी आलं तसा शहराच्या पूर्वेला ऊस वाढला. ऊस म्हणजे खादाड पीक, त्याला खत लागतं आणि भरपूर लागतं. शेणखत पुरेना. मग शहराचा मैला राख आणि झाडलोटीच्या कचऱ्यात मिसळून, सुकवून उसाच्या शेतांत जाऊ लागला. इंग्रजी कागदपत्रांत याला पुड्रेट म्हणतात, आपल्याकडे सोनखत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा खंड १८८५ चा आहे, त्यात या खताची नोंद येते.

म्हणजे 'शहरातला कचरा शेतात' ही कल्पना नवी नाही. कालव्याच्या कडेनं ती दीडशे वर्षांपूर्वीच चालू होती. पण अशा नोंदी वाचताना एक सवय लावून घ्या: वाक्याचा कर्ता शोधा. 'मैला गोळा केला जातो', 'मिसळला जातो', 'वाळवला जातो'. कोण करतं? ज्या जातींवर हे काम जन्मानं लादलं होतं त्यांची माणसं. त्यांची नावं तुम्हाला तिथे मिळत नाहीत. सोनखताचं सगळं अर्थशास्त्र त्यांच्यावर उभं होतं. आपल्याकडे कंपोस्टच्या इतिहासात 'पूर्वी कसं सगळं निसर्गात परत जायचं' असा एक हळवा सूर लागतो. मला तो सहन होत नाही. जायचं खरं, पण कोणाच्या तरी डोक्यावरून जायचं.

आता पुण्यातून इंदूरला. १८९३ साली डॉ. व्होल्कर यांचा भारतीय शेतीवरचा मोठा अहवाल आला. त्यातला एक ठळक मुद्दा असा, की सरपणाची टंचाई असल्यामुळे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जातं आणि शेताला मिळत नाही. हा प्रश्न पुढे तीस वर्षं तसाच लोंबकळत राहिला. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे संचालक झाले. त्याआधी ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड, ज्या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, बिहारमधल्या पुसा इथे काम करत होते. इंदूरला प्रश्न असा मांडला गेला: थोडंच शेण हाताशी असेल तर त्याच्या विरजणावर भरपूर पालापाचोळा, काड्या, तण यांचं खत करता येईल का?

उत्तर १९३१ मध्ये पुस्तकरूपानं आलं, 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर'. ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल, उतरत्या कडांचे खड्डे. त्यात पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातली मूत्र शोषलेली माती आणि लाकडाची राख. पाणी शिंपडायचं, ठरावीक दिवसांनी तीन वेळा खालीवर करायचं, आणि सुमारे ९० दिवसांत खत. कपाशीच्या आणि तुरीच्या पळकाट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चिरडल्या जातात. हा तपशील मला फार आवडतो. वेगळं यंत्र नको, वेगळी मजुरी नको. तुमच्या बादलीच्या कागदावर 'कचरा बारीक करा' असं लिहिलेलं असतं, त्याची ही जुनी आवृत्ती.

पाया रसायनाचा होता. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधायला नत्र. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण तीस ते तेहतीसला एक असावं, असं इंदूरच्या कामातून पुढे आलं. आजही कोणतीही पुस्तिका उघडा, तिथे '३०:१' दिसेल. भाजीच्या देठांचं, सालींचं गुणोत्तर १५ ते २० च्या आसपास असतं, म्हणजे नत्र जास्त. वाळक्या पाल्याचं ४० च्या पुढे. म्हणून वर पाला टाकायचा. न टाकल्यास जादा नत्र अमोनिया होऊन उडतो, ओल साचून हवा कोंडते आणि वास सुटतो.

त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. दुसरं यशवंत डी. वाड, रसायन विभागातले मुख्य सहायक. १९४० मध्ये हॉवर्ड यांचं 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' आलं, एकट्याच्या नावावर. गॅब्रिएल १९३० मध्येच गेल्या होत्या, हे पुस्तक त्यांना अर्पण केलेलं आहे. पुढे जगभर सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून हॉवर्ड यांचं नाव झालं आणि वाड तळटिपेत गेले. हॉवर्ड यांचं काम लहान आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण बघा, हॉवर्ड १९३१ मध्ये इंदूर सोडून गेल्यावर १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांची एक पत्रिका निघाली. तिचा विषय होता वस्तीतल्या कचऱ्याची आरोग्यदायी विल्हेवाट आणि त्याचा शेतीला उपयोग, इंदूर पद्धतीनं. म्हणजे शेतातल्या पळकाट्यांवरून माणसांच्या वस्तीतल्या घाणीकडे ही पद्धत वळली, तेव्हा तिथे वाड होते. तुमच्या स्वयंपाकघरातल्या बादलीचा पूर्वज शोधायचा झाला तर मी १९३१ पेक्षा १९३४ कडे बोट दाखवीन. साहित्याचा आढावा घेताना दुसऱ्या लेखकाचं नाव धरून पुढे जा, अशा गोष्टी हाती लागतात.

याच काळात हातांचा प्रश्न थेट विचारला गेला, पण तो प्रयोगशाळेत नव्हे, तुरुंगात. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम करू देण्याची मागणी केली. ब्राह्मण कैद्याला ते काम देता येणार नाही, म्हणून नकार मिळाला. त्यांनी अन्नत्याग सुरू केला. त्या वेळी इथे पुण्यात, येरवड्याला, गांधीजी कैदेत होते. त्यांनीही डिसेंबरमध्ये पाठिंब्यासाठी उपास केला. पुढे १९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचं खत होईल अशा संडासावर काम केलं. कोणाला हातानं मैला उचलावा लागू नये आणि खतही वाया जाऊ नये, अशी ती दुहेरी अट होती. कंपोस्टच्या तांत्रिक इतिहासात हे नाव क्वचित येतं. माझ्या मते इंदूरच्या खड्ड्याइतकंच ते इथे आलं पाहिजे.

इंदूरनंतरच्या पद्धती याच नजरेनं पाहिल्या की त्यांचा क्रम लागतो. १९३९ च्या सुमारास बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला थरांनी भरून खड्डा मातीनं लिंपून टाकायची पद्धत बसवली. खालीवर करणं नाही. कुजायला वेळ जास्त लागतो, पण नगरपालिकेला रोज माणसं लावावी लागत नाहीत. मग आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. 'नाडेप' हे कुठल्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप वाटतं, पण ते त्यांचंच नाव आहे: ना, दे, पां. १० फूट बाय ६ फूट बाय ३ फूट, विटांचं टाकं, भिंतींत मुद्दाम सोडलेली भोकं. साधारण १४०० ते १५०० किलो पालापाचोळ्याला शेण फक्त ९० ते १०० किलो, बाकी माती आणि पाणी. वरून लिंपायचं आणि तीन-चार महिने सोडून द्यायचं. इंदूरला मजुरांनी खोरं घेऊन जी हवा आत घातली, ती पुसदला भिंतीतल्या भोकांनी घातली. एका शेतकऱ्याच्या घरात किती हात असतात आणि किती शेण असतं, याचं भान असलेल्या माणसाचं ते डिझाइन आहे.

आता परत स्वारगेटला, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत. इथे इंदूरचा आकडा घासून बघू. त्यांचा खड्डा कडांचा उतार सोडला तर ८४० घनफूट, म्हणजे जवळजवळ २४ घनमीटर. तुमची बादली २० लिटर, ०.०२ घनमीटर. हजारपटीहून जास्त फरक. मोठा ढीग स्वतःच्याच उष्णतेनं ५५-६० अंशांपर्यंत तापतो, कारण आतली उष्णता बाहेर पडायला वाट लांब असते. बादलीत पृष्ठभाग आकारमानाच्या मानानं प्रचंड, उष्णता झाली तशी निघून जाते. त्यामुळे 'तीन महिने' हे त्या खड्ड्याचं वेळापत्रक आहे, बादलीचं नव्हे. बिया मरतील, रोगजंतू मरतील ही खात्रीही तापलेल्या ढिगाची. टोमॅटोची रोपं कुंडीत आपोआप उगवतात ना, ती त्यामुळेच. गांडुळांचं गणित तर उलटंच, त्यांना तापलेला ढीग सोसत नाही. म्हणून एकाच कागदावर दोन्ही पद्धतींच्या सूचना एकत्र दिसल्या तर तो कागद बाजूला ठेवा.

आणि हात? २००० च्या घनकचरा नियमांनी आणि नंतर २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण घराच्या दारात आणलं. ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं. पुण्यात महापालिकेनं गांडूळखतासाठी मिळकतकरात सवलतही ठेवली. यामागे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांचा वर्षानुवर्षांचा विरोध आहे. शहराचा कचरा त्यांच्या विहिरींच्या शेजारी जाऊन पडत होता. दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या बहुतेक बायका 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. या इतिहासात मैला-कचरा हाताळणारी माणसं प्रथमच करारातला एक पक्ष म्हणून कागदावर दिसतात. संशोधन-विषय शोधत असाल तर एक सुचवते: सोसायटीतल्या कंपोस्टच्या हौदात फावडं कोण मारतं आणि त्याचा पगार कोणत्या खात्यात दाखवतात, एवढंच तपासा. दहा सोसायट्या पुरतील.

बादली घरातच ठेवणार असाल तर रोजच्या ओल्या कचऱ्याच्या आकारमानाइतका तरी वाळका पाला लागेल, आणि पावसाळ्यात पुण्यात वाळका पाला मिळत नाही. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतो, बहुतेक ठिकाणी जाळला जातो. तेव्हाच दोन पोती भरून ठेवा.