व्यसन बदललं की आजार आवरला?



"एक व्यसन सोडवायला दुसरं लावलं, एवढंच!" मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या माणसाबद्दल हे तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित आपल्याच एखाद्या मराठी घरात. या आरोपाची तपासणी इथे अमेरिकेत कशी झाली, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

१९३५ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनला सरकारने 'नार्कोटिक फार्म' उघडलं. अर्धं इस्पितळ, अर्धा तुरुंग. माणसाला शहरापासून दूर ठेवायचं, नशा उतरवायची, कामाला लावायचं आणि घरी धाडायचं. बहुतेक जण घरी गेल्यावर पुन्हा हेरॉइनकडे वळत. दोष त्यांच्या मनोनिग्रहाला दिला जाई.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वांडर आणि मेरी जीन क्रीक यांनी वेगळा प्रश्न विचारला. मधुमेहासारखा हाही शरीराचाच बिघाड असेल तर? १९६५ साली डोल आणि निस्वांडर यांनी २२ रुग्णांचा अनुभव छापला. रोज मेथाडोन घेऊन ही माणसं शिक्षणाकडे, नोकरीकडे, घरच्यांकडे परतू लागली होती. तरी 'अदलाबदली'चा आरोप होतच राहिला. डोक्याच्या आत काय चाललंय, हे दाखवणार कसं?

१९७३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतले ओपिऑइड रिसेप्टर दाखवून दिले. अफूची किल्ली माणसाला हजारो वर्षं ठाऊक होती. कुलूप आता सापडलं. पण ते प्रयोगशाळेत, प्राण्यांच्या मेंदूत. जिवंत माणसाच्या मेंदूतलं चित्र यायला १९८५ उजाडलं. त्याच विद्यापीठात जेम्स फ्रॉस्ट, हेन्री वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी एका ओपिऑइडला किरणोत्सारी कार्बन-११ जोडला, त्याची अगदी सूक्ष्म मात्रा टोचली आणि पेट स्कॅनवर ते रिसेप्टर पाहिले. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून सगळी घाई घड्याळाशी.

मग खरी तपासणी झाली. २००३ साली मार्क ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या पाच जणांना ब्युप्रेनॉर्फिनच्या वेगवेगळ्या मात्रा देऊन स्कॅन काढले. २ मिलिग्रॅमने सुमारे ४१ टक्के रिसेप्टर व्यापले, १६ मिलिग्रॅमने सुमारे ८० टक्के. हे औषध कुलपात बसतं, पण किल्ली अर्धीच फिरते. त्यामुळे तडफड थांबते, कैफ चढत नाही, आणि वरून हेरॉइन आलं तर त्याला बसायला फारशी जागा उरत नाही. मात्रा कमी पडली, तर जागा मोकळ्या राहतात आणि तलफही.

२००८ साली डॅनियल लँगलबेन यांच्या गटाने मेथाडोन घेणाऱ्यांना हेरॉइनची आठवण करून देणारी चित्रं दाखवून एफएमआरआय काढले. रोजच्या मात्रेपूर्वी मेंदूचे भावना आणि आठवणींशी संबंधित भाग जास्त चेतले, मात्रेनंतर कमी. पण पूर्ण शांत झाले नाहीत. बरं वाटणारा माणूसही जुन्या गल्लीतून जाताना का डगमगतो, ते इथे दिसतं.

श्रोतेहो, शरीर औषधावर अवलंबून राहतं, हे खरंच आहे. मधुमेहीही इन्सुलिनवर राहतो. व्यसन म्हणजे सगळं आयुष्य त्या एका गोष्टीमागे फरफटत जाणं, आणि औषध तेच थांबवतं. मात्र स्कॅनला जास्त श्रेयही देऊ नका. हे अभ्यास थोड्या माणसांवरचे आहेत. 'तुमचा मुलगा आता बरा झाला' असं सांगणारा स्कॅन आजही नाही.

म्हणून घरातल्या कोणाला "अजून किती दिवस ही गोळी?" असं विचारण्याआधी थांबा. औषध अचानक सुटलं की शरीराची सवय ओसरते, आणि मग पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. ते कधी आणि कसं कमी करायचं, हे डॉक्टरांबरोबर ठरू द्या. नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. तो घरात असू द्या. आणि त्या माणसाशी बोलणं बंद करू नका.