मेडिकेड आणि सुनावणी अधिकारी

अमेरिकेत अल्प उत्पन्न गटातील नागरिकांच्या उपचारांचा खर्च ‘मेडिकेड’ या सार्वजनिक योजनेतून भागविला जातो. १९६५ साली सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती होऊन ही योजना अस्तित्वात आली. तिचा निधी केंद्र व राज्ये मिळून पुरवितात. कारभार मात्र राज्यांच्या हाती असतो. अर्ज फेटाळला गेला, घरी येणाऱ्या परिचारिकेचे तास घटविले गेले किंवा एखादी शस्त्रक्रिया अनावश्यक ठरविली गेली, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क लाभार्थीला आहे. ही दाद न्यायालयाच्या आधी ज्याच्यापुढे जाते, तो सुनावणी अधिकारी होय. काही राज्यांत त्याला प्रशासकीय न्यायाधीश असेही म्हणतात.

सरकारी मदत नाकारली गेलेल्या व्यक्तीस निष्पक्ष सुनावणी मिळावी, ही अट १९३५ च्या मूळ सामाजिक सुरक्षा कायद्यातच होती. तिला खरी धार आली ती १९७० मध्ये, ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ या खटल्यामुळे. न्यूयॉर्कमधील काही गरीब रहिवाशांची आर्थिक मदत प्रथम बंद होई आणि तोंडी सुनावणी त्यानंतर मिळे. ज्याचे पोट त्या मदतीवर आहे, त्याला नंतर मिळणारा न्याय निरुपयोगी ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ओळखले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने सुनावणी आधी आणि मदत बंद करणे नंतर, असा क्रम घालून दिला. कारणांसह पूर्वसूचना, तोंडी बाजू मांडण्याची संधी, विरोधी साक्षीदारांची उलटतपासणी आणि निःपक्ष निर्णयकर्ता हे त्या सुनावणीचे आवश्यक घटक ठरले. भारतीय वाचकांना परिचित असलेल्या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांशी त्यांचे नाते सहज लक्षात येईल.

मेडिकेडच्या केंद्रीय नियमांत हीच तत्त्वे उतरली आहेत. लाभ कमी किंवा बंद करण्यापूर्वी सामान्यतः किमान दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. कारवाईच्या तारखेपूर्वी सुनावणीची मागणी केल्यास निर्णय लागेपर्यंत बहुधा सेवा चालू राहते. अर्थात निकाल विरुद्ध गेला, तर त्या काळातील खर्च वसूल करण्याची मुभा राज्याला आहे. त्यामुळे डायलिसिसवरील रुग्णाच्या दृष्टीने नोटीस वेळेवर हाती पडणे आणि ती समजणे हाच पहिला निर्णायक टप्पा ठरतो.

सुनावणी अधिकारी बहुधा सरकारी सेवेतच असतो. तरीही मूळ निर्णयात त्याचा प्रत्यक्ष सहभाग असता कामा नये, असे बंधन आहे. त्याचे दालन न्यायालयासारखे औपचारिक नसते. अनेक सुनावण्या दूरध्वनीवरूनच होतात. लाभार्थी स्वतः बोलू शकतो अथवा वकील, नातेवाईक किंवा मित्राला आपल्या वतीने उभे करू शकतो. सुनावणीपूर्वी स्वतःची फाइल पाहण्याचा हक्क त्याला असतो. इंग्रजी नीट न येणाऱ्यांसाठी दुभाष्याची सोय करावी लागते. पुष्कळ लाभार्थी वकिलाविना येतात. अशा वेळी योग्य प्रश्न विचारून वस्तुस्थिती उलगडून घेणे हे अधिकाऱ्याचे मोठे काम असते.

त्याचा निर्णय केवळ सुनावणीत पुढे आलेल्या पुराव्यावर आणि लागू कायद्यावरच आधारलेला असावा लागतो. मुद्दा वैद्यकीय असेल आणि त्याला आवश्यक वाटले, तर मूळ निर्णयाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाचे मत राज्याच्या खर्चाने मागविता येते. समजा, आजारी मुलाच्या घरगुती शुश्रूषेचे तास कमी झाले आहेत. प्रौढांसाठी असलेली कमाल मर्यादा दाखवून असे प्रकरण मिटविता येत नाही. २१ वर्षांखालील लाभार्थीला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार द्यावेत, अशी केंद्रीय कायद्याची तरतूद आहे. तेव्हा या मुलाला किती तासांची गरज आहे, हे अधिकाऱ्याने पाहावयाचे असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे सविस्तर, कारणे देणारे पत्र येथे मोलाचे ठरते. ‘गरज आहे’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्याने सहसा भागत नाही.

या अधिकाराला मर्यादाही आहेत. सुनावणी अधिकारी कायदा बदलू शकत नाही. सर्वांना सरसकट लागू होणाऱ्या कायदेबदलामुळेच लाभ गेला असेल, तर राज्य सुनावणी नाकारू शकते. काही राज्यांत त्याचा निर्णय अंतिम असतो, तर काही ठिकाणी ती केवळ शिफारस असते व खात्याचे प्रमुख अंतिम आदेश काढतात. उपचार खासगी विमा योजनेमार्फत मिळत असतील, तर आधी त्या योजनेकडे अपील करावे लागते. साधारणपणे ९० दिवसांत अंतिम निर्णय अपेक्षित असून, विलंबाने जीव वा प्रकृती धोक्यात येणार असेल तर जलद सुनावणीची सोय आहे. निकाल बाजूने लागल्यास नाकारलेला लाभ मागील तारखेपासून द्यावा लागतो. विरुद्ध लागल्यास पुढे न्यायालयाचा मार्ग खुला असतो.

करोनाकाळात मेडिकेडमधून नावे कमी करण्यावर असलेली बंधने ३१ मार्च २०२३ रोजी संपली. त्यानंतरच्या फेरतपासणीत कोट्यवधी लोकांची नावे वगळली गेली. त्यांतील बहुसंख्य नावे अपात्रता सिद्ध झाल्यामुळे नव्हे, तर कागदपत्रे वेळेत न पोहोचण्यासारख्या प्रक्रियात्मक कारणांमुळे गेली. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या कायद्यात अनेक प्रौढ लाभार्थींना दरमहा ८० तास काम किंवा तत्सम उपक्रमाची अट घातलेली आहे. अट पाळूनही पुरावा नोंदला गेला नाही, अशी प्रकरणे त्यातून उद्भवू शकतात. चुकलेली नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी लाभार्थीला निष्पक्ष सुनावणीचाच आधार असतो. तथापि ही सुनावणी आपोआप होत नाही. ती मुदतीत मागावी लागते. नोटिशीच्या शेवटी छापलेली अपिलाची मुदत म्हणूनच सर्वांत आधी वाचावयाची असते.