पूर्णा जंक्शन, रात्रीचे दोन

पूर्णा स्टेशनच्या फलाटावर उभे राहा आणि रुळांकडे बघत राहा. आज दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर आहे. ते आवळत आवळत एका मीटरवर आलं, की समजा, तुम्ही १९७५ सालात पोचलात.

रात्रीचे दोन वाजलेत. हवेत दगडी कोळशाचा वास, दोरीवरच्या धोतरावर काजळीचे ठिपके. रेल्वे क्वार्टरच्या गल्लीतून कंदील हलत येतोय. तो ड्युटीसाठी उठवणारा कॉलमन. तुमच्यासमोरच तो एका दाराची कडी वाजवतो, "उठा मालक, कॉल हाय!" आत कुणीतरी खोकतं, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येतो. चहा गाळून बाई फडक्यात तीन भाकरी आणि ठेचा बांधते. ड्रायव्हर कंदिलाच्या उजेडात वहीवर सही करतो. पोरगं कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं. लोकोशेडच्या शिट्ट्यांवरच ते वाढलंय.

आता फलाटावर या. मनमाडकडे जाणारी अजंता, अकोला-खांडव्याकडे निघणारी गाडी, सगळं इथून. गाडी बदलायला उतरलेली माणसं ट्रंकेवर डोकं टेकून निजलीत. पंढरपूरला निघालेली एक म्हातारी गाठोडं सरकवते, "बस की लेकरा, गाडीला लई टाइम हाय." तुम्ही बसता. ती कुठून आलात, कुणाचे, सगळं विचारून घेते आणि मूठभर शेंगदाणे तुमच्या हातावर ठेवते.

अजून मागे चला. सप्टेंबर १९४८. गाव अजून निजामाच्या राजवटीत. बाजारात हाली शिक्का, कचेरीत उर्दू. रझाकारांच्या धास्तीने दिवेलागणीलाच दारं लागतात. १३ तारखेला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरतात आणि १७ला निजाम शरण येतो. मुंबई-पुण्यात तिरंगा लागून तेव्हा तेरा महिने झालेले असतात. मराठवाड्याचा माणूस हे तेरा महिने आजही मोजून सांगतो, आणि त्याने ते सांगावेतच.

त्याच्याही मागे, १९१२. हैदराबाद-मनमाड रुळांना हिंगोलीचा फाटा जोडला जातोय. या सांध्यावरच हे गाव पुढे वाढणार आहे. बाकी ओळखीचं म्हणाल तर पूर्णा नदी तेवढी, जवळच गोदावरीला मिळायला निघालेली.

परत या. अकोल्याचा मार्ग २००८मध्ये रुंद झाला. मीटरगेज गेलं, शेडचा धूर तर त्याआधीच गेला. पण खलाशी, फिटर, पॉइंट्समन होऊन आलेली कुटुंबं इथेच रुजली. त्यांची नातवंडं संध्याकाळी बुद्धविहाराच्या अंगणात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतात. रुळांवर मालगाडी धडधडत जाते, तेव्हा वाचणारी मुलगी पानावर बोट ठेवून थांबते. शेवटचा डबा गेला, की पुढची ओळ वाचू लागते.