तू स्वतःसाठी काय केलंस?

एप्रिल १९६५. केनियातल्या कांदाराची जाहीर सभा. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा बोलायला उभा राहिला आणि आपल्या जुन्या जेलसोबत्याचा भर लोकांत हिशेब मागू लागला. आपण सगळे एकाच तुरुंगात होतो, तो म्हणाला. पॉल नगेईने कॉफी लावली. फ्रेड कुबईने मोठं घर बांधलं. कुंगू करुंबाच्या बसगाड्या धावतात. कागिया, तू स्वतःसाठी काय केलंस?

हे वाचलं त्या रात्री पाळीवर माझं धाग्याकडे लक्ष नव्हतं. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. पण प्रश्न काही डोक्यातनं जाईना.

मित्रांनो, बिल्डाड कागिया आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही. त्याचं ‘रूट्स ऑफ फ्रीडम’ हे आत्मचरित्र १९७५ साली निघालं. मला ते रद्दीत सापडलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. हा माणूस मिशनच्या शाळेत शिकला, गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून झाला. दुसऱ्या महायुद्धात फौजेतही कारकूनच. पश्चिम आशिया बघितला, इंग्लंड बघितलं. गोरा माणूस त्याच्या देशात कसा राहतो ते डोळ्यांनी बघितलं की त्याची भीती निम्मी मरते. परत आल्यावर कागियाने मिशनरी चर्च सोडलं. गोऱ्यांशिवायचा वेगळा पंथ काढला. लोक त्याला ‘दिनी या कागिया’ म्हणायचे, म्हणजे कागियाचा धर्म. आपला धर्म आपण ठरवायचा, ही गोष्ट तिकडेही झाली होती बघा.

त्या देशात सुपीक डोंगराळ जमीन गोऱ्यांसाठी राखीव. ज्यांची ती जमीन, ते तिथंच मजूर. काळ्या पुरुषाने ओळखपत्र धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचं, त्याला ‘किपांडे’ म्हणत. गळ्यात काय काय अडकवलं जातं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

कागिया नैरोबीत कामगार संघटनेत आला, माऊ माऊच्या गुप्त समितीत आला. २० ऑक्टोबर १९५२ च्या रात्री सरकारने आणीबाणी पुकारून पुढाऱ्यांना उचललं. कापेनगुरियाला खटला चालला, सहा आरोपी. बचावाला इंग्लंडातून प्रिट आला, भारतातून दिवाण चमनलाल गेले, आपल्या गोव्याच्या घरातला तरुण वकील फिट्झ डिसूझाही होता. न्यायाधीश थॅकरला सरकारने वीस हजार पौंड दिले. मुख्य साक्षीदार मचारियाने १९५८ मध्ये शपथेवर सांगितलं की आपण लाच घेऊन खोटं बोललो. तोवर सात वर्षांची सक्तमजुरी होऊन गेली होती! उत्तरेच्या वाळवंटात लोकिटाऊंगच्या तुरुंगात कागिया आणि केन्याटा एकत्र होते.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. कागिया कांदाराचा खासदार झाला, शिक्षण खात्याचा उपमंत्री झाला. आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

गोरे मळेवाले जाणार होते, पण फुकट नाही. ब्रिटनने कर्ज द्यायचं, त्या पैशातून मळे विकत घ्यायचे, आणि ज्याला तुकडा मिळेल त्या काळ्या शेतकऱ्याने ते कर्ज फेडायचं. म्हणजे चोरीचा माल मालकानेच हप्त्याने सोडवून घ्यायचा. जंगलात लढलेले लोक परतले तर आणीबाणीतल्या जमीन-एकत्रीकरणात त्यांच्या जमिनी सरकारच्या बाजूने राहिलेल्यांच्या नावावर चढलेल्या. कागिया म्हणाला, भूमिहीनांना आणि लढलेल्यांना जमीन फुकट द्या. केन्याटाने त्याला पत्राने तंबी दिली: सरकारात राहायचं तर सरकारविरुद्ध बोलायचं नाही. जून १९६४ मध्ये उपमंत्रिपद गेलं.

त्याच्या बाजूला फार थोडे लोक होते. त्यातला एक पिओ गामा पिंटो. गोव्याच्या घरातला, नैरोबीत जन्मलेला, भारतात शिकलेला, गोवामुक्तीसाठी काम करून परतलेला. लुमुंबाच्या नावाने कार्यकर्त्यांची शाळा निघाली होती, तिच्यात हे दोघेही होते. २४ फेब्रुवारी १९६५ ला पिंटोला त्याच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या. मोटारीत त्याची लहान मुलगी होती. कांदाराची ती सभा यानंतर काही आठवड्यांनी झाली. म्हणून तो प्रश्न मला नुसता टोमणा वाटत नाही.

१९६६ मध्ये ओगिंगा ओडिंगाने उपराष्ट्राध्यक्षपद सोडून केनिया पीपल्स युनियन काढली. कागिया त्याच्याबरोबर गेला. सरकारने घटना बदलली, पक्ष सोडणाऱ्यांना पुन्हा निवडणूक लढवायला लावली. कागिया स्वतःच्याच मतदारसंघात पडला. मग सभेच्या खटल्यात जेल. गोऱ्यांच्या जेलनंतर आपल्यांची जेल.

आणि १९६९ मध्ये तो केन्याटाच्या पक्षात परतला. पुढे सरकारी मंडळावर नेमणूकही घेतली. हे मी लपवणार नाही. त्याच वर्षी ओडिंगाच्या पक्षावर बंदी आली, ओडिंगा तुरुंगात गेला. कागियाने त्याला मध्येच सोडलं, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण माझ्या मनात त्याला मी ओडिंगाच्या खाली बसवतो, कुबई-नगेईच्या रांगेत नाही. कारण परतला तरी त्याने मळे जमवले नाहीत.

उतारवयात त्याने कांदाराला गिरणी चालवली. गिरणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे साचे येतात, कानात खडखडाट. त्याची गिरणी तसली नाही, आपल्या गल्लीत आई दळण पाठवते तसली. मक्याचं पीठ, त्याला तिकडे ‘पोशो’ म्हणतात, गरिबाचं रोजचं खाणं. एकेकाळचा उपमंत्री पिठाने पांढरा होऊन बाया-माणसांचं दळण दळत होता. राष्ट्राध्यक्षाच्या यादीत कॉफी होती, घर होतं, बसगाड्या होत्या. गिरणी नव्हती.

गोऱ्यांनी माऊ माऊवर घातलेली बंदी स्वतंत्र केनियाच्या कायद्यातही तशीच राहिली होती. ती २००३ मध्ये उठली. तोवर कागिया ऐंशीच्या पुढे गेला होता. मार्च २००५ मध्ये तो वारला.